निकम सरांची दुसरी पसंती

निकम सरांच्या घरी गेलं की ते 'चहा घेणार का?' असं कधी विचारत नाहीत. 'चहा, कॉफी, कोकम सरबत. क्रम लावा,' असं म्हणतात. नुसतं 'चहा' म्हटलेलं त्यांना चालत नाही. ते आपल्याकडे बघत थांबतात आणि हळूच विचारतात, 'आणि दुसरी पसंती?' एकदा मी म्हटलं, चहाच करा, दुसरं काही नको. तर म्हणाले, 'वहिनी, दूध नासलेलं निघालं तर तुमचं मत वाया जाईल.' दूध चांगलं होतं, चहाही उत्तम झाला. पण तो हातात पडायच्या आधी माझी दुसरी पसंती कॉफी आणि तिसरी सरबत, हे मला जाहीर करावं लागलं.

इरा, कबीर, त्या 'नंबरवाल्या आजोबांचं' पुढे काय झालं, असं तुम्ही फोनवर विचारलं होतंत. ती गोष्ट फोनवर सांगण्यासारखी नाही, म्हणून नीट लिहून काढते आहे. सावकाश वाचा. अडलं तर आईला विचारा, बाबाला नको. तो अर्धं वाचून बाकीचं मनाने सांगतो.

निकम सर मूळचे सातारा जिल्ह्यातले. इथे नवी मुंबईत शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले. आपल्याकडे शिक्षकांना विधान परिषदेवर आपला वेगळा आमदार पाठवता येतो. त्या मतदानाला यंत्राचं बटण नसतं. कागद आणि जांभळा पेन देतात, आणि उमेदवारांच्या नावांपुढे एक, दोन, तीन असे आकडे घालायचे असतात. तुमचा पहिला उमेदवार बाद झाला तर तुमचं मत दुसऱ्याकडे जातं, फुकट जात नाही. बाकीचे शिक्षक असं मत देऊन शाळेत परत गेले. निकम सर त्यातून परतलेच नाहीत.

तेव्हापासून त्यांच्या खिशात स्वतःचा जांभळा पेन असतो. न्हाव्याकडे गेले तरी कारागिरांची नावं क्रमाने सांगतात. दिवाळे गावाहून आमच्याकडे मासळी घेऊन येणारी पार्वतीबाई आहे. तिला सर पायरीवर उभं राहून सांगतात, 'पहिली पसंती कोलंबी, दुसरी मांदेली, तिसरी बोंबील.' एकदा ती टोपली उतरवत म्हणाली, 'मास्तर, आज निसतं बोंबील हाय. घ्याचं हाय का जाऊ मी?' सरांनी बोंबील घेतले आणि जिना चढता चढता मला म्हणाले, 'बघा वहिनी. तिसऱ्या पसंतीवर निवडून आला.'

तुमच्या बाबाचा त्यांना फार हेवा वाटतो. पगाराचा नाही, घराचा नाही. ऑस्ट्रेलियात मतपत्रिकेवर असेच आकडे घालतात म्हणून. 'तुमचा मुलगा भाग्यवान आहे,' असं ते मला दर दिवाळीला सांगतात. बाबाला मी हे कळवलं, तेव्हा तो म्हणाला, आई, इथे लोक कंटाळत कंटाळत आकडे घालतात. हे मी सरांना सांगितलेलं नाही.

आता आमच्या सोसायटीबद्दल. चार मजली, जुनी, लिफ्ट नसलेली इमारत आणि तिच्यात दोन पॅनल. एक जाधवांचं. जाधवांचा वाशीच्या मार्केटात कांदा-बटाट्याचा धंदा आहे. त्यांचं म्हणणं, ही बिल्डिंग पाडा आणि टॉवर बांधा. दुसरं पॅनल गायकवाड साहेबांचं. ते सरकारी ऑफिसातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झाले. त्यांचं म्हणणं, आधी गच्चीची गळती थांबवा, मग स्वप्नं बघा. एका वर्षी हे निवडून यायचे, पुढच्या वर्षी ते. यांनी बिल्डर आणला की ते हाकलायचे. त्यांनी डांबराचे डबे आणले की हे परत पाठवायचे. सर म्हणत, 'हा सी-सॉ आहे वहिनी. वर-खाली भरपूर, पण पुढे कुणीच जात नाही.'

आणि सरांना हवी होती लिफ्ट.

ते राहतात चौथ्या मजल्यावर. तुम्हाला सुमनआजी आठवत असेल, त्यांची बायको. तुमच्या हातावर तिळाची वडी ठेवायची. तिच्या पायांतली ताकद गेली आणि शेवटचं दीड वर्ष ती वरच राहिली. आम्ही बायका संध्याकाळी खाली कट्ट्यावर बसायचो आणि ती गॅलरीतून आमच्याशी बोलायची. म्हणजे आम्ही मान वर करून ओरडायचो आणि ती हातवारे करायची. दोनदा ती खाली आली, दोन्ही वेळा हॉस्पिटलात जायला. चौघांनी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून तिला जिन्याने उतरवली. संकोचाने तिने पदर तोंडावर ओढून घेतला होता. दुसऱ्यांदा गेली ती परत आली नाही.

त्या दीड वर्षात सरांनी प्रत्येक मीटिंगला लिफ्टचा विषय मांडला. कुणीच नाही म्हणायचं नाही. जाधव म्हणायचे, टॉवर होतोच आहे, नाही झाला तर लिफ्ट करू. गायकवाड म्हणायचे, गळतीचं काम झालं की लगेच लिफ्ट. सुमनताई गेल्यावर सर हा विषय सोडतील असं सगळ्यांना वाटलं. ते स्वतः दोन्ही हातांत पिशव्या घेऊन चार मजले सरळ चढतात. जाधवांनी एकदा विचारलंही, 'सर, आता कुणासाठी?' सर म्हणाले, 'अजेंड्यावर आहे म्हणून.'

मग त्यांनी एक दिवस मला जिन्यात गाठलं. त्यांचं म्हणणं सोपं होतं. इमारतीतल्या प्रत्येक घराला दुसऱ्या नंबरवर लिफ्टच हवी आहे, पण दुसरा नंबर आपल्याकडे कुणी विचारतच नाही. तेव्हा या वेळी अध्यक्ष पसंतीक्रमाने निवडायचा, आणि जाधव, गायकवाड यांच्याबरोबर ते स्वतः उभे राहणार. मीटिंगमध्ये त्यांनी हे इतका वेळ समजावलं, की लोकांनी पटल्यामुळे नव्हे तर जेवायची वेळ झाल्यामुळे मान्य केलं. निवडणूक अधिकारी मला केलं. मी कुठल्याच पॅनलची नाही आणि माझ्या घरात स्टेपलर, टाचण्या, डिंक जागच्या जागी सापडतात, एवढीच माझी पात्रता.

पुढचे आठ दिवस सर घरोघर फिरले, पण स्वतःसाठी मत मागायला नव्हे. 'पहिलं मत कुणालाही द्या, पण दुसरी जागा रिकामी ठेवू नका,' एवढंच सांगत होते. जाधवांच्या सूनबाई मला म्हणाल्या, 'काकू, सर प्रचार करतायत की परीक्षेचा पेपर समजावतायत?'

रविवारी मतदान झालं. सतरंजीवर बसून मी सगळ्यांसमोर कागद उलगडले आणि तीन गठ्ठे केले. जाधव सात, गायकवाड सात, निकम सर एक. घरटी एकच मत, आणि एक घर बंद होतं, त्यामुळे एकूण मतं पंधरा. आणि एक सोडून प्रत्येक कागदावर, मग तो कुणाच्याही गठ्ठ्यातला असो, सरांच्या नावापुढे दोनचा आकडा होता. सगळ्या इमारतीची दुसरी पसंती निकम सर.

मी थांबले. मला वाटलं याचा काहीतरी उपयोग असणार. पण सर चष्मा पुसत म्हणाले, 'वहिनी, नियम वाचा. ज्याला पहिली पसंती सर्वांत कमी, तो बाद.' म्हणजे ते स्वतःच. त्यांच्याच पद्धतीने, पहिल्याच फेरीत. ते इतक्या शांतपणे सांगत होते की कुणाला हसायचंही सुचलं नाही. आता तो एकमेव कागद हातात घ्यायचा, त्याच्यावरची दुसरी पसंती बघायची आणि ते मत तिकडे द्यायचं. दोन्हीकडे सात-सात. त्या एका कागदावर सगळं ठरणार होतं.

मी कागद पाहिला. सरांच्या नावापुढे जांभळा एक. बाकी दोन्ही चौकोन कोरे.

हा कागद कुणाचा, ते सगळ्यांना कळलंच होतं. मी विचारलं, 'सर, दुसरी पसंती?'

सर सतरंजीकडे बघत म्हणाले, 'दोनदा पेन टेकवला, वहिनी. लिहवेना. मला दुसरं काही नकोच होतं.'

गायकवाडांनी घसा साफ करून चिठ्ठ्या टाकायचं सुचवलं. जाधव म्हणाले, 'टाका ना. चिठ्ठीत तुमी आलात तर मी वर्षभर तुमाला काय करू देनार नाय. मी आलो तर तुमी मला करू देनार नाय. त्यापेक्षा आपण दोघं बसू खाली. सरांना करू द्या की.'

गायकवाड विचारात पडले. मग सरांना म्हणाले, 'गळती दुसऱ्या नंबरवर घ्याल?'

'लेखी देतो,' सर म्हणाले. आणि लगेच त्यांना आठवलं की अर्ज मागे घ्यायची मुदत शुक्रवारीच संपली आहे, तेव्हा हे नियमात बसत नाही. मी म्हटलं, निवडणूक अधिकारी मी आहे, तुम्ही उमेदवार आहात, खाली बसा. मास्तरांना दटावण्याची संधी मला आयुष्यात एकदाच मिळाली आणि ती मी पुरेपूर वापरली.

लिफ्ट व्हायला पावसाळा मधे आला, परवानग्या आल्या, गच्चीच्या गळतीवरून एक भांडणही झालं. पण गेल्या आठवड्यात ती झाली. इमारतीला बाहेरून चिकटवलेली, काचेची. जाधवांनी नारळ आणि पेढे आणले. गायकवाडांनी फीत आणली आणि कात्री विसरले. कात्री माझ्याकडे होती. वयाने मी सगळ्यांत मोठी, म्हणून आधी मला बसवायचं ठरलं. पोरं माझ्यामागे रांग लावून ढकलाढकली करत होती.

मी पाऊल उचललं तर सर म्हणाले, 'थांबा वहिनी. आधी एकदा रिकामी जाऊ द्या.'

'टेस्टिंग झालंय सर,' जाधव म्हणाले. 'कंपनीच्या मानसांनी धा वेळा केलंय.'

'एकदा जाऊ द्या.'

त्यांनी आत वाकून चारचं बटण दाबलं आणि बाहेर आले. दार लागलं. काचेतून रिकामी लिफ्ट वर जाताना आम्ही सगळे माना वर करून पाहत होतो. चौथ्या मजल्यावर ती थांबली, दार उघडून बंद झाल्याचा आवाज आला आणि ती खाली यायला निघाली. सरांनी शर्टाची कॉलर सारखी केली, केसांवरून हात फिरवला.

लिफ्ट खाली आली. दार उघडलं. सर एक पाऊल मागे सरले आणि बाजूला झाले, आतून कुणी बाहेर येत असलं की आपण वाट देतो तसे. दार पुन्हा मिटायला लागलं, तेव्हा त्यांनी हात आडवा धरला आणि मला म्हणाले, 'या, वहिनी.'