टिकाऊ पूल

एका जंगलात, मुलांनो, एक ओढा होता आणि ओढ्यावर बांबूचा पूल होता. तो टिकाऊ होता. म्हणजे तसं गवा आजोबांनी जाहीर केलं होतं.

त्या जंगलाची रीतच होती. वडीलधाऱ्यांनी एखाद्या वस्तूला टिकाऊ म्हटलं, की तिची दुरुस्ती करायची नाही. दुरुस्ती करणं म्हणजे वडीलधाऱ्यांना खोटं पाडणं.

तिथे भिंगरी नावाची तरणी सायाळ राहायची. पिल्लं पलीकडच्या बिळात, कंद अलीकडच्या रानात. पुलावर पाय ठेवला की तिचे काटे उभे राहायचे.

"आजोबा, वेल कुजलीय. नवी बांधू?"

"टिकाऊ वेल कुजत नसते, पोरी."

"शिंग लावून बघा तरी!"

"काय उद्धट कार्टी आहे!" अस्वलकाका म्हणाले. "आम्ही या पुलावरून मान खाली घालून चालायचो."

"म्हणूनच वरची वेल दिसली नाही तुम्हाला."

चार दिवसांनी पूल पडला. भिंगरी अलीकडे, भुकेली पिल्लं पलीकडे रडतायत. आजोबांनी तातडीने सभा घेतली आणि ओढ्याचा निषेध केला.

भिंगरी सभेतून उठली. काठावरचं वाळकं झाड कुरतडून तिने आडवं पाडलं, वेलींनी आवळलं आणि पलीकडे पळाली.

"टिकेल का गं हे?" माकडांनी विचारलं.

"छे! तात्पुरतं आहे. कधीही पडेल."

सगळे घाबरले. मग जो जाई तो आधी गाठी आवळी. माकडं नव्या वेली आणत, ससे बुडाशी दगड रचत. अख्खा पावसाळा गेला. पूल हलला नाही.

एक दिवस गवा आजोबा हार घेऊन आले. "एवढ्या पुरात टिकला! याला टिकाऊ जाहीर केलंच पाहिजे."

"नको!" भिंगरी किंचाळली. "पाया पडते, आजोबा. अगदी भिकार पूल आहे हो!"

"किती नम्र झाली पोर," अस्वलकाका गहिवरले.

पुलाला हार पडला, टाळ्या पडल्या. भिंगरी सवयीने गाठ आवळायला गेली, तर दोन रानडुकरांनी तिला हाकललं. तिने तडक पलीकडचं बीळ गाठलं आणि पिल्लांना बाहेर काढून पुलाकडे पिटाळलं.

"आई, पूल तर आता टिकाऊ झाला ना?" धाकटं म्हणालं. "मग एवढी घाई कशाला?"

"म्हणूनच," भिंगरी म्हणाली. "पळा!"

तात्पर्य: मुलांनो, एखादी गोष्ट टिकावी असं मनापासून वाटत असेल, तर ती टिकतेय हे मोठ्यांना कळू देऊ नका.