निदान तरी बरोबर!

"गाडी म्हातारी झाली की कुरकुरते, पण खोटं कधी बोलत नाही. तिचं दुखणं हाताला कळायला हवं, हाताला!" असं तज्ज्ञ छाती पुढे काढून सांगायचा. तज्ज्ञ हे काही त्याचं नाव नव्हे. ऑफिसातल्या मंडळींनी ते त्याला चिकटवलं होतं, आणि प्रेमानं तर मुळीच नाही! पंप विकणाऱ्या त्या कंपनीत तो तक्रारींच्या टेबलावर बसायचा. खिडकी नाही. पंखा होता, पण तो शेजारच्या टेबलाकडे तोंड करून. सकाळपासून फोन उचलायचा आणि भलत्याच्या पंपापायी आपण शिव्या खायच्या, हा धंदा वर्षानुवर्षं चालला होता.

आणि आता फिरतीची जागा रिकामी झाली होती! गावोगाव जायचं, पंप बघायचे, मोकळ्या हवेत चहा प्यायचा. अट एकच. स्वतःची गाडी हवी आणि ती चालवणारा माणूस धडधाकट हवा. साहेब म्हणाले होते, "सोमवारी तुमच्या गाडीतून गोदामापर्यंत जाऊन येऊ. मग बघू." त्या 'मग बघू'नं तज्ज्ञाची झोप उडाली. कारण गाडी जरा वेगात असताना ब्रेक दाबला, की स्टिअरिंग ताप भरल्यासारखं थडथडा उडायचं. साहेबांची कवळी खाली पडली असती!

त्यानं बायकोला शेजारी बसवलं आणि मोकळ्या रस्त्यावर गाडी पिटाळली.

"आता नीट लक्ष दे! ब्रेक न लावता थरथरतंय?"

"नाही."

"आता?" म्हणत त्यानं ब्रेक दाबला.

"अहो, माझे दात वाजतायत! सोडा तो ब्रेक!"

"सोडला. थांबलं ना? मग चाकाचा दोष नाहीच. बूड हललं असतं तर मागचं दुखणं. इथे हात हलतायत, म्हणजे पुढचं. पुढच्या ब्रेकची डिस्क वाकलीय!"

गॅरेजवाला मानायला तयार नव्हता. "चाकं बॅलन्स करा, टायर बदला," हे त्याचं पालुपद. एका चाकाचं बॅलन्सिंग त्यानं करूनही टाकलं. थरथर जैसे थे! शेवटी तज्ज्ञ हट्टालाच पेटला. चाक काढायला लावलं, चकती फिरवून बघितली, तर ती झिंगलेल्या माणसासारखी डुलत होती. "बोला! आहे की नाही डिस्क?" गॅरेजवाल्यानं तोंड वाकडं करून कबूल केलं. आयुष्यात पहिल्यांदा तज्ज्ञाचं कुणीतरी ऐकलं होतं. त्याला आकाश ठेंगणं झालं!

तिथूनच त्यानं ऑफिसात फोन लावला. उचलला गोडबोल्यानं. हा गोडबोल्या म्हणजे शेजारच्या टेबलावरचा, पंखा ज्याच्याकडे बघायचा तोच. फिरतीच्या जागेवर त्याचाही डोळा होता, पण जवळ साधी सायकल नव्हती.

"साहेबांना सांग, आज येत नाही. डिस्क गेलीय!"

"अरेरे! कधीपासून?"

"दोनेक महिने झाले. थांबायला गेलं की सगळी थरथर. दुर्लक्ष केलं, आता नडलं."

"आता काय करणार हो?"

"नवीन टाकायची! जोडीनंच टाकतात, एक टाकून भागत नाही. सोमवारी बघ तू!"

"जपा हो," गोडबोल्या कळवळून म्हणाला. फोन ठेवताना तज्ज्ञाला वाटलं, इतका काही वाईट नाही बिचारा.

नव्या डिस्क बसल्या. गॅरेजवाला चाक उचलायला वाकला, तर हा म्हणतो, "थांबा, मी लावतो. माझी गाडी आहे!" उचललं आणि कंबरेत 'कट्' असा आवाज झाला. घरी येईपर्यंत तो वाकलेल्या खिळ्यासारखा झाला होता. पण गाडी मात्र लोण्यासारखी थांबत होती!

"आता तीन महिने गाडीला हात लावाल तर याद राखा!" बायको शेकायची पिशवी आपटत म्हणाली. "चाक उचलायला गेले! घरात कधी पाण्याची घागर उचलली नाही!"

सोमवारी तरीही तो गाडी घेऊन ऑफिसात गेला. खाली उतरायलाच त्याला इतका वेळ लागला की पहारेकरी हात द्यायला धावला. वर साहेब दारातच उभे होते.

"अहो, आलात कशाला? बसा, बसा! मला सगळं कळलंय. डिस्क!"

"साहेब, ती गाडीची—"

"गाडीनंच होतं हे! जुन्या गाडीचे हादरे! माझ्या मेहुण्याचा मणका असाच गेला."

"नाही हो, गाडीची डिस्क! ब्रेकची! मी ठणठणीत आहे!" असं म्हणून तज्ज्ञ ताठ उभा राहायला गेला आणि "आई गं!" करून टेबलाला लटकला.

"बघा!" साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. "दुखणं लपवून कामावर येणारी अशी माणसं हल्ली मिळतात कुठे? तुम्हाला मी फिरतीवर पाठवून मारू का? इथेच बसायचं. खुर्ची मागवलीय तुमच्यासाठी, पाठीला आधार असलेली!"

इतकी वर्षं मागून पंखा वळवून मिळाला नव्हता, आणि आता न मागता खुर्ची मिळाली! तज्ज्ञाला रडू कोसळायचं तेवढं बाकी होतं. दुपारपर्यंत फिरतीची जागा गोडबोल्याला मिळालीसुद्धा. संध्याकाळी तो साखरेत घोळवलेलं तोंड घेऊन टेबलापाशी आला.

"तुमची गाडी नेतो. साहेबांनी स्वतःच्या गाडीची अट सोडली, कंपनी भाडं देणार आहे. वहिनींना फोन केला होता, त्या म्हणाल्या, घेऊन जा एकदाची."

"माझी? बाजारात दुसऱ्या गाड्या नाहीत?"

"आहेत ना! पण पुढच्या दोन्ही डिस्क कोऱ्या करकरीत कुणाच्या आहेत?"

"म्हणजे... फोनवर तुला कळलं होतं? गाडीची डिस्क म्हणून?"

"अहो, जोडीनं बदलतात ती ब्रेकचीच. तेवढं कळतं मला."

"मग साहेबांना काय सांगितलंस, मेल्या?"

"त्यांनी विचारलं, का आले नाहीत? मी म्हटलं, डिस्क गेलीय त्यांची." गोडबोल्यानं टेबलावरची किल्ली अलगद उचलली. "एक अक्षर तरी खोटं बोललो का?"

तज्ज्ञाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ह्याची मानगूटच धरावी म्हणून तो नव्या खुर्चीतून ताडकन उठला. म्हणजे उठायला गेला. अर्ध्यातच कळ आली आणि तो होता तसा खाली बसला.

"सावकाश हो!" गोडबोल्या त्याच्या पाठीमागची उशी सारखी करत म्हणाला, "तुम्हाला आता कुठं जायचंय?"