महालाचा पडदा आणि दोन बादल्या

दुपारच्या तालमीत महालाचा पडदा जड लागला, तेव्हाच खंडोजीच्या मनात गणोजीचं नाव आलं. देवासच्या नाटक मंडळाचे पडदे तीस वर्षं खंडोजीनंच ओढले होते. कप्पीवरून घेतलेल्या दोराच्या एका टोकाला पडदा, दुसऱ्याला वाळूची गोण. दोन्ही तोलात असली की महाल अलगद वर जाई. आज त्याला घाम फुटला.

"भाऊ, उमर झाली तुमची," धारहून मदतीला आलेला गणोजी म्हणाला. "मोटर लावून घ्या आता."

गणोजीचा साडू मोटरी विकत असे. त्यात सेक्रेटरी नारायणरावांनी बजावलं होतं, आज पडदा अडकला तर पुढच्या नाटकाला मोटर. म्हणजे खंडोजी घरी.

यानंच गोणीतली वाळू काढली, खंडोजीनं ताडलं. सगळे जेवायला गेल्यावर त्यानं विंगेतली, आग विझवायला ठेवलेली वाळूची बादली गुपचूप गोणीत रिकामी केली.

संध्याकाळी पाहतो तर शेजारची बादलीही रिकामी.

"हिच्यातली वाळू कुठे गेली रे?" त्यानं गणोजीला विचारलं.

"मला काय मालूम, भिया? ती दुसरी पण खालीच दिसते."

"तिचं सोड."

तेवढ्यात तिसरी घंटा झाली.

साधूनं शाप द्यायचा आणि गाणं संपेपर्यंत महाल हळूहळू वर जायचा, असं ठरलेलं. खंडोजीनं सारा जोर लावला. दोर हातातून सुटला, गोण आदळून जरा उसवली आणि साधूचं वाक्य पुरं व्हायच्या आत महाल गायब झाला. मग टाळ्या थांबेनात.

नारायणराव धावत विंगेत आले. "मोटरला जमेल का हे? रद्द करा ती. उद्याच्या प्रयोगाला हुबेहूब असंच पाहिजे."

ते गेल्यावर खंडोजीनं सांडलेल्या वाळूकडे पाहिलं. "किती टाकलीस?"

"आधी तुम्ही सांगा."

"एक बादली."

"मी पण एकच. वाटलं, पडदा अडकल्याचा दोष माझ्यावर ढकलून मला धारला परत धाडायला तुम्हीच वाळू काढली."

इतक्यात पडदे रंगवणारी देवश्री ब्रश घेऊन आली. "काका, महाल जरा खाली घ्या ना. काल सोनेरी रंगाचा जाड हात दिला, तरी फिकाच दिसतो. अजून एक देते."

दोघांनी महाल खाली घेतला आणि सोनेरी रंगाचा जाड थर बोटांनी चाचपून पाहिला.

"मग उद्या तीन बादल्या," गणोजी हळूच म्हणाला.

"तीन. पण टाकताना मी समोर उभा राहणार."

"मी पण," गणोजी म्हणाला.