मुक्काम हाय, वस्ती न्हाय

स्वतःच्या बंगल्याच्या फाटकात स्वतःच्याच राखणदाराने अडवलेला आणि निमूटपणे खिसे चाचपणारा इंग्रज मी जन्मात एकच पाहिला. पुण्याहून आलेल्या मोटारीचा धुरळा अजून खाली बसला नव्हता. फाटकाच्या आत, खांद्यावर घोंगडी टाकून, म्हाकूतात्या उभे होते. सहा महिन्यांनी मालक दारात आलाय म्हटल्यावर दुसरा कुणीही आधी रामराम घातला असता. तात्यांनी हात पुढे केला आणि विचारलं, "लायसन?"

साहेबाने लाल पुठ्ठ्याचं एक बारकं बुक काढून दिलं. तात्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी बुक उलटंसुलटं केलं, पानांवरून अंगठा फिरवला आणि परत दिलं.

"ह्येच्यावर तीन सिंव्ह न्हाईत. ह्ये तुमच्या तिकडलं. हितं चालत न्हाय."

"तात्या, पुण्याला ऑफिस बंद होता. मग करतो," साहेब म्हणाला.

"मग मोटार बी मगच आत यील."

"पन घर आमचा हाय!"

"घर तुमचंच हाय. कोन न्हाय म्हनतंय?"

शेवटी तात्यांनी शेजारच्या वस्तीवरून एक बैलजोडी मागून आणली आणि मोटारीला कासरा बांधून ती आत ओढून घेतली. साहेब मागून चालत आला. बैलांना परवाना लागत नाही ना, हे तात्यांनी मला आदल्या आठवड्यातच विचारून ठेवलं होतं.

मी तेव्हा नीरेच्या कालव्यावर कारकून होतो. लासुर्ण्याच्या पुढं, इंदापूरच्या अंगाला, खात्याच्या दोन खोल्या मला राहायला होत्या आणि समोरच हा परसूसाहेबाचा बंगला. साहेबाचं खरं नाव पार्सन्स. जन्मभर आमच्याच खात्यात इंजिनिअर होता. या भागातल्या पाटाच्या निम्म्या चाऱ्या त्यानेच उभं राहून खोदून घेतल्या, आणि खोदणाऱ्या बेलदारांकडून तो मराठी शिकला. त्या लोकांनी पार्सन्सचा परसू केला तो कायमचा. इंग्रज गेले तेव्हा हाही गेला, पण दुसऱ्याच वर्षी परत आला आणि हा जुना बंगला विकत घेऊन बसला. विलायतेत त्याचं एक घर होतं, तिथं त्याची म्हातारी बहीण असे. त्यामुळे अर्धं वर्ष तिकडं, अर्धं वर्ष इकडं. दसऱ्याच्या आगेमागे यायचा आणि गुढीपाडव्याच्या आगेमागे जायचा. मला नसत्या चौकशांची भारी खोड, म्हणून मी एकदा कारण विचारलं. "गुडघा तिकडे दुखतो, हितं न्हाय दुखत," एवढंच तो म्हणाला.

तात्या मूळचे पणदऱ्याकडचे मेंढके. मेंढरं घेऊन घाट उतरायचे, आठ महिने कोकणात काढायचे आणि पावसाच्या तोंडावर घरी परतायचे. कधीतरी त्यांनी सगळी मेंढरं विकली आणि ते या बंगल्यावर राखणीला राहिले. का विकली, ते कळायला मार्ग नव्हता. विचारलं की तात्या आभाळाकडे बघत आणि पाऊस कधी येईल ते सांगत.

एकदा मतदारांच्या यादीचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी वही घेऊन समोर गेलो.

"तात्या, राहणार कुठलं लिहू?"

"कुठलं बी नगं. मुक्काम हाय, वस्ती न्हाय."

"किती वर्षं झाली मुक्कामाला?"

"झाली आसतील सात-आठ."

आता हा मुक्काम कुठल्या कायद्यात बसवायचा? पण त्यांचं वागणंही तसंच होतं. बंगल्यामागच्या खोलीत त्यांनी भिंतीला एक खिळासुद्धा ठोकला नव्हता. भाकरीचं फडकं, पागोटं, कंदील, सगळं एका काठीला अडकवून काठी कोपऱ्यात उभी, म्हणजे उचलली की निघालं. साहेबाने एकदा त्यांना खाट दिली. चार दिवसांनी ती परत व्हरांड्यात आली. "पाठ सोकावती," तात्या म्हणाले. दारात एखादं झाड लावा म्हटलं, तर म्हणाले, "पानी कोन घालनार?" रोज पाणी घालायला ते स्वतःच तिथं हजर होते, हे मी त्यांच्या लक्षात आणून दिलं. त्यांनी आभाळाकडे पाहिलं.

पण कायदा म्हटला की या माणसाच्या अंगात वारं शिरे. त्याला कारण साहेबाची अडचण. मुंबईच्या एका हिशोबनिसाने साहेबाला लिहून कळवलं होतं की एप्रिल ते मार्च या वर्षात जो इथं एकशे ब्याऐंशी दिवस राहील, तो इथला रहिवासी धरला जाईल, आणि रहिवाशाने आपल्या तिकडच्या कमाईवरही इथं कर भरायचा. साहेबाने ते पत्र व्हरांड्यात बसून मला दाखवलं आणि मी तात्यांना मराठीत सांगितलं. मला स्वतःला ते दोनदा वाचावं लागलं होतं. तात्यांना एकदाच ऐकून कळलं.

"म्हंजी एकाच मेंढराची दोनदा चराई," ते म्हणाले. कोकणात दुसऱ्याच्या रानात मेंढरं चारायची तर चराई द्यावी लागे, आणि तीच मेंढरं इकडे आली की इकडेही कुणीतरी हात पसरून उभा असे. "आसं झालं तर सायबाला परवडायचं न्हाय. घर इकंल आन जाईल. मग कशाचा येतोय?"

त्या दिवसापासून साहेबाचे दिवस मोजायचं काम तात्यांनी आपल्याकडे घेतलं. त्यांच्या हातात लोकर कातायची चाती कायम असेच. त्यांनी एक लांब दोर वळला आणि साहेब आल्यापासून रोज सकाळी त्याला एक गाठ मारायला सुरुवात केली. त्यांचा हिशोब विसांचा. वीस गाठी म्हणजे एक इसा. असे नऊ इसा झाले की एकशे ऐंशी. "नऊ इसा झालं की सायेब बोटीत पायजे. एक दिस चुकीला ठिवायचा."

आल्या दिवसाची गाठ मारायची की नाही, यावरून दोघांचं पहिल्याच वर्षी वाजलं. साहेबाचं म्हणणं, आपण दिवस मावळताना आलो, तो दिवस कशाला धरायचा? तात्या म्हणाले, "मेंढरू सांजचं वाड्यात आलं म्हनून मोजायचं न्हाय व्हय?" गाठ बसली.

एका मार्चमध्ये लासुर्ण्याच्या एका जुन्या बेलदाराच्या मुलीचं लग्न होतं. साहेबाला आग्रहाचं बोलावणं. लग्न दोन दिवसांवर, आणि दोर संपत आलेला. साहेब अगदी पोरासारखा गयावया करू लागला. "तात्या, दोन दिवस. फक्त दोन!"

"दोर बगा," तात्या म्हणाले.

"दोर तुमचा, गाठ तुमचा! एक गाठ सोडा की."

"गाठ सुटंल. दिस सुटंल व्हय?" आणि त्यांनी ट्रंक गाडीत ठेवली. "आहेर मी करतो तुमच्या नावानं. तुमी निगा."

मोटार वळणाआड जाईपर्यंत तात्या फाटकाला धरून उभे राहिले. मग आत येऊन त्यांनी बंगला झाडायला घेतला. हीही एक तऱ्हाच होती. साहेब नसताना सहा महिने ते रोज सगळा बंगला झाडत, खुर्च्या पुसत, गादी उन्हात घालून परत अंथरत आणि माठ धुऊन ताज्या पाण्याने भरत. पिणारा सात समुद्रापलीकडे! मी चिडवायचा, "तात्या, कुणासाठी भरताय?"

"रिकामा ठिवला तर तडकतो," तात्या म्हणायचे.

असं चार-पाच वर्षं चाललं. मग एका आषाढात मुंबईच्या हिशोबनिसाचं दुसरं पत्र आलं. साहेब तिकडे असला की त्याची इंग्रजी पत्रं मी उघडावीत असं ठरलेलं होतं. मी वाचलं आणि मला हसू आवरेना. कायद्यात दुसरंही एक पोटकलम निघालं होतं. ज्याच्यासाठी या देशात सहा महिने घर राखून ठेवलेलं असेल, तो त्या वर्षात एक दिवस जरी इथं आला तरी रहिवासीच. दिवस मोजायचं कारणच नाही. तेव्हा असं घर तिथं राखलेलं आहे काय, आणि कोण राखतो, ते खुलासेवार कळवावं.

"तात्या, तुमच्या गाठी गेल्या की वाया!" मी म्हणालो आणि सगळं सांगितलं.

तात्या हसले नाहीत. त्यांनी चाती खाली ठेवली. मग त्यांनी विचारलं, "राखल्यालं घर म्हंजी कसं वो, भाऊसायेब?"

"कसं म्हणजे? झाडलेलं, पुसलेलं. मालक आला की पाठ टेकता यावी, घोटभर पाणी मिळावं असं."

"आन आसं नसंल तर?"

"तर मग ते नुसत्या भिंती. त्याला घर कोण म्हणेल?"

मी हे बोललो ते गमतीत. माझी जीभ ही अशी. साहेब आल्यावर त्यालाच विचारून उत्तर लिहू, असं म्हणून मी पत्र खणात टाकलं आणि दुसऱ्याच आठवड्यात बारामतीच्या कचेरीत कामाला गेलो. तिकडे दोन-अडीच महिने मोडले.

परत आलो तो घटस्थापना होऊन गेली होती. समोर बघतो तर फाटकात कमरेएवढं गवत. व्हरांड्यात कुणाच्या तरी शेळ्या रवंथ करत बसलेल्या. आत सगळीकडे धुळीचा थर, गादी गुंडाळून भिंतीला लावलेली, आणि माठ पालथा. मागची खोलीही रिकामी. मला वाटलं, तात्या आजारी पडले, नाहीतर सोडून गेले. मी शोधायला निघालो.

ते कालव्याच्या भरावावर बाभळीखाली बसले होते. घोंगडीची खोळ डोक्यावर, शेजारी तीन दगडांची चूल. अख्खा पावसाळा त्यांनी तिथं काढला होता.

"तात्या, हे काय मांडलंय?"

"आता त्ये घर राखल्यालं न्हाय," ते म्हणाले. "कुनी राहात बी न्हाय. तसं लिवून टाका मुंबैला."

माझं गमतीतलं बोलणं त्यांनी खरं धरलं होतं. मग मला रागच आला, त्यांचा की माझा कोण जाणे. "अहो, पावसात भिजून मेला असता! साहेबाचं घर तुमच्या जिवापेक्षा जास्त आहे का?"

त्यांनी या वेळी आभाळाकडे पाहिलं नाही. खाली बघून बोलले. "माझी बायकू कोकणात ग्येली, भाऊसायेब. मुक्कामाला. सांजंला मूठमाती दिली आन दुसऱ्या दिशी मेंढरांचा वाडा हालला. मेंढरं थांबत न्हाईत. फुडल्या साली ग्येलो तर जागा घावली न्हाय. गवत वाडलं हुतं. राखाय कुनी न्हवतं न्हवं." चुलीतलं लाकूड आत सारून म्हणाले, "ह्ये घर राखलं, तर साल फिरलं की मानूस परत येत हुता. येवडंच. आता न राखून येत आसंल, तर तसं."

मी त्यांच्या शेजारी खाली बसलो.

चौथ्या दिवशी साहेब आला. मोटार फाटकापाशी थांबली. परवाना विचारायला कुणी नाही म्हणून साहेब चक्रावला. गवत बघितलं, शेळ्या बघितल्या. तात्या भरावावरून उतरून आले पण फाटकाच्या आत गेले नाहीत. "सायेब, ह्ये तुमचं घर न्हाय," ते म्हणाले. "नुसत्या भिती हायत. नुसता मुक्काम करा. कायदा काय करतोय बघू."

साहेबाने माझ्याकडे पाहिलं. मी इंग्रजीत सगळं सांगितलं. माझी चूकही सांगितली आणि कोकणातलं तेही सांगितलं. साहेबाने टोपी काढली. मग तरातरा व्हरांड्यात गेला, शेळ्या हाकलल्या आणि कोपऱ्यातला खराटा घेऊन झाडायला लागला. वाकला की त्याचा गुडघा कटकन वाजायचा.

तात्या धावले. "सायेब! सायेब, राखल्यालं दिसंल! दोनदा चराई बसंल!"

"बसू दे. भरतो."

"कुठनं भरनार?"

"मोटार विकतो. लायसनचा कटकट जातो." साहेबाने पाठ सरळ केली. "तात्या, मोटार न्हाय तर आमी चालतो. घर न्हाय तर कुठे चालतो?"

तात्यांनी त्याच्या हातातून खराटा ओढून घेतला आणि झाडायला सुरुवात केली. झाडता झाडता ते धोतराच्या सोग्याने डोळे पुसत होते. धुरळा फार उडत होता, हेही खरं.

दुपारी व्हरांडा जरा बसण्यासारखा झाल्यावर मी मुंबईचं उत्तर लिहायला घेतलं. साहेब सांगत होता. होय, घर राखलेलं आहे. बारा महिने राखलेलं असतं. राखणाऱ्याचं नाव म्हाकू. पुढे मी अडलो आणि सवयीने विचारलं, "तात्या, राहणार काय लिहू?" मुक्काम हाय, एवढं मी मनात लिहूनही टाकलं होतं.

तात्या माठ विसळत होते. विसळून झाल्यावर त्यांनी तो ताज्या पाण्याने भरला, झाकण ठेवलं आणि ओल्या हातांनीच माझ्यासमोर उभे राहिले.

"लिवा, रहानार हितलंच," ते म्हणाले. "आन भाऊसायेब, तुमच्याकडं खिळा आसंल का एखादा? घोंगडी वली झालीया, खोलीत भितीला टांगतो."

त्यांनी एक मागितला होता. मी घरात जाऊन दोन आणून दिले.