गुरुवारची फुली

१२ जून, गुरुवार. आजचं काम: समोरच्या तांबे सरांच्या संगीतवर्गाचं नवं वेळापत्रक फळ्यावर चढवणं. शाळा सुरू होतायत, म्हणजे सगळ्यांच्या वेळा बदलणार.

तांबे सर मुलांना कपड्यांचे चिमटे लावतात. शांती नगरमधल्या त्यांच्या हॉलमध्ये पाऊल टाकलं की कॉलरला चिमटा. नवशिक्यांना पिवळा, पेटीवाल्यांना निळा, गाणाऱ्यांना लाल. एकदा गळका नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसालाही त्यांनी घाईत पिवळा चिमटा लावला. बिचारा उठायला घाबरला आणि अर्धा तास सारेगम म्हणत बसला. शेवटी नळ तसाच टाकून पळाला, तर सर रिक्षा स्टँडपर्यंत त्याच्या मागे. नळासाठी नव्हे, चिमट्यासाठी.

"वहिनी, वस्तू जागेवर असली तर सापडते," हे त्यांचं पालुपद. चपला भिंतीशी, पाण्याच्या बाटल्या खिडकीत, रडणारी मुलं पंख्याखाली. गेल्या वर्षी मी नोकरी सोडली आणि वर्गाचे फोन, वेळा सांभाळायला लागले. आमचं बरं जमतं. पसारा दोघांनाही सोसत नाही.

फक्त फळ्यावर गुरुवारी चार वाजता एक फुली असते. तिथं कुणाला घ्यायचं नाही आणि का, ते विचारायचं नाही.

आज मात्र मी विचारणारच होते. सकाळी शेजारच्या बिल्डिंगमधली नसरीन मुलीला, सानियाला, घेऊन आली होती. "भाभी, सिर्फ गुरुवार चार बजे हो पाएगा. नहीं तो इस साल रहने देते हैं." आम्ही बोलत होतो तोवर सानिया बंद पेटीच्या झाकणावरच बोटं चालवत होती. ते पाहिल्यावर फुलीबिली मला मान्य नव्हती.

चार वाजता मार्कर घेऊन गेले. दार उघडंच होतं. सर स्वयंपाकघरात, ओट्याशी स्टुलावर, डक्टच्या खिडकीला कान लावून बसलेले.

"सर, ही फुली..."

"श्श्!"

खालून बाईचा थकलेला आवाज येत होता. कुठलंसं पाळण्याचं गाणं.

"खालच्या साळवी आजी," सर कुजबुजले. "गुरुवारी घरात एकट्या असतात, तेव्हाच गातात. पेटी वाजली की लाजून गप्प होतात."

"पण सूर कुठे लागतोय त्यांचा?" एवढं आता मलाही कळतं.

"नाहीच लागत." मुलांचा एक स्वर घसरला तर पट्टी आपटणारे सर चक्क हसले. "नको लागू दे. आठवडाभर सगळे मला म्हणून दाखवतात, वहिनी. चुका काढायला. आमची ही गेल्यापासून या घरात नुसतं ऐकायचं असं काही राहिलंच नव्हतं."

"आणि सानिया? तिला दुसरी वेळ नाही."

खाली आजींनी पुढचं कडवं घेतलं. सरांनी खिडकी आणखी थोडी सरकवली.

१३ जून, शुक्रवार. सकाळीच मी फुली पुसली. तिथं सानियाचं नाव लिहिलं आणि खाली ठळक अक्षरांत: "आधी ऐकणे. गाणं थांबलं की पेटी."

मग घरातलं एक स्टूल उचललं आणि त्यांच्या ओट्याशी, सरांच्या स्टुलाला लागून ठेवून आले.