टिळेकरकाकांचा ड्राय जानेवारी

जानेवारीतली सकाळ. इंग्लंडातल्या आमच्या मिल्टन कीन्सवर बर्फाळ पावसाची झोड उठलीय. समोरचा राउंडअबाउटसुद्धा दिसत नाहीये. आणि आमच्या रेडवेवरून, म्हणजे चालणाऱ्या-सायकलवाल्यांसाठीच्या लाल रस्त्यावरून, पंचाहत्तरीचे एक गृहस्थ पातळसा स्वेटर घालून, छत्रीशिवाय, संथपणे चालत येताहेत. नाकाच्या शेंड्यावरून पाणी ठिबकतंय.

"काका, छत्री?" मी खिडकीतून ओरडते.

"कोरडं लागलंय गं आता," ते शांतपणे म्हणतात. "छत्री मार्चमध्ये."

हे आमचे शेजारी टिळेकरकाका. मूळचे साताऱ्याचे, पण उमेदीची सगळी वर्षं युगांडात गेली, जिंजाजवळच्या एका साखर कारखान्यात इंजिनीअर म्हणून. विषुववृत्त तिथून हाकेच्या अंतरावर. तिकडे उन्हाळा-हिवाळा असली भानगड नाही. मार्चपासून मोठा पाऊस, सप्टेंबरपासून छोटा पाऊस आणि दोन्हींच्या मध्ये कोरडं. संपलं वर्ष. रिटायर झाल्यावर लेकीने, शलाकाने, त्यांना इंग्लंडला आणलं. काका आले, सामान आलं आणि ऋतूही आले. आकाशात काय चाललंय याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. जिंजात पाऊस असला की इकडे पाऊस.

वर्षातून दोनदा, उन्हाळ्या-हिवाळ्यासाठी, इथे घड्याळं तासभर मागेपुढे करतात, तेव्हा त्यांना फार चेव चढतो. "आमच्याकडे सूर्य वर्षभर एकाच वेळेला उगवायचा. कामावर वेळेवर येणारा तो एकटाच होता. इथे त्यालाही फ्लेक्झी-टाइम!"

जगातली सगळी कामं त्यांनी दोन खात्यांत विभागलीत. माझा नवरा सागर घर घ्यायचं म्हणत होता, तर काका म्हणाले, "कोरड्यातलं काम आहे. थांब." मी विणकाम शिकायचं म्हटलं, तर "पावसातलं काम. बस लगेच." लग्नं अर्थातच कोरड्यात. "मुलगी मागायला पन्नास पाहुणे निघाले आणि ट्रक चिखलात रुतला, तर सोयरीक कशी व्हायची? ढोल, नाच, सगळं कोरड्यात. पावसात माणूस आपल्या शेतात." अपवाद एकच, नोव्हेंबरातले नाकतोडे. पावसाबरोबर त्यांचे हिरवे थवे उतरायचे आणि अख्खं गाव ते धरायला बाहेर पडायचं. तळून खायला.

"तुम्हीही खायचात?"

"छे! आपण शाकाहारी," काका दुखावले. "मी फक्त पंख काढून द्यायचो."

कोरडं म्हणजे पाहुण्यांचा सीझन, त्यामुळे काकांची बार्बेक्यू पार्टी दर जानेवारीत, मागच्या गार्डनमध्ये. आम्ही सगळे थर्मल, कोट, मफलर अशा जामानिम्यात भाजलेली कणसं खात उभे असतो. कणीस एका बाजूने चटका देतं आणि दुसऱ्या बाजूने गोठलेलं असतं. शलाका नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टर आहे. सुट्टी मिळाली तर येते आणि कळवळून म्हणते, "बाबा, इट्स फ्रीझिंग! एखादा पाहुणा दगावेल."

"तू आहेस ना डॉक्टर," काका म्हणतात आणि कणीस उलटतात.

पलीकडच्या घरातल्या कीथने एकदा कुंपणावरून विचारलं, "डूइंग ड्राय जानेवारी, आर यू?" इथे बरेच जण जानेवारीत दारू सोडतात, त्याला म्हणतात ड्राय जानेवारी. काकांना ते ठाऊक नव्हतं. इंग्रज माणसाला अखेर ऋतुचक्र कळलं म्हणून ते हरखले.

"ऑलवेज! डिसेंबर टू फेब्रुवारी. अँड अगेन जून टू ऑगस्ट!"

अर्धं वर्ष दारूला न शिवणारा माणूस कीथने उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. तेव्हापासून तो काकांशी बोलताना टोपी काढतो.

माझ्या दिराचा साखरपुडा आम्ही एप्रिलमध्ये घरीच ठरवला, तेव्हा मात्र काका गंभीर झाले. "ऐन मोठ्या पावसात? अनघा, पावसात माणसांना बोलवायचं नसतं." आम्ही हसलो. त्या दिवशी असं लख्ख ऊन पडलं की बायकांनी पैठणीवर गॉगल चढवले. काका आले ते गमबूट घालून, छत्री घेऊन.

"काय काका, कुठाय पाऊस?" सागरने छेडलं.

"ब्रिटिश पाऊस आहे. कुठेतरी रांगेत उभा असेल." मग जिलबीचा तुकडा मोडत म्हणाले, "बोलावलंत म्हणून आलो. मी नसतं बोलावलं."

गेल्या ऑक्टोबरात ओल्या पानांवरून माझा पाय घसरला आणि घोट्याचं हाड मोडलं. सागर कामासाठी पुण्याला. मी प्लास्टर घालून सोफ्यावर. काकांना फोन करावा असं मनात आलं, पण छोटा पाऊस चालू होता. शिवाय खराही पडत होता. कशाला त्रास द्या, म्हणून टोस्ट आणि सूपवर ढकलत होते.

तिसऱ्या दिवशी बेल वाजली. रांगत-लंगडत दार उघडलं, तर काका. निथळत होते. हातात मोठा डबा.

"कीथ सांगतो मला! बाहेरचा कीथ!" ते कडाडले. "तू का नाही बोलावलंस?"

"पाऊस आहे ना काका. तुमचाच नियम."

काकांनी स्वयंपाकघरात जाऊन ताटली आणली. वाफवून कुस्करलेली कच्ची केळी, वर दाण्याचं दाट कालवण. मला वाढलं आणि समोरच्या खुर्चीवर बसले.

"सुमन गेली ना," ते म्हणाले, "तेव्हा छोट्या पावसाचा पहिलाच आठवडा होता."

सुमन म्हणजे काकू. त्या तिकडेच गेल्या एवढंच मला माहीत होतं.

"पेरणीचा आठवडा. तो हुकला की शेंगा भरत नाहीत. पण तिकडची रीत आहे, मयताला निरोप देईपर्यंत कुणी कुदळ उचलत नाही. शलाका इकडून यायची होती, विमान चुकलं, दोन दिवस गेले. मी त्यांना म्हटलं, तुम्ही शेतावर जा रे, आमची पद्धत वेगळी. कुणी हललं नाही. शेजारची रोझ, कारखान्यातले मजूर, त्यांच्या म्हाताऱ्या आया, चिखल तुडवत आले आणि अंगणात बसून राहिले. बाहेर पाऊस असा सुंदर पडत होता, पेरणीला हवा तसा. त्याचा आवाज ऐकत बसले होते सगळे."

"मग? पेरणी?"

"उशिरा झाली. पीक थोडं आलं. मला कुणी एका शब्दाने बोललं नाही. उलट रोझने तिच्यातल्याच पाटीभर शेंगा आणून दिल्या." त्यांनी चष्मा पुसला. "म्हणून पावसात मी कुणाला बोलवत नाही. बोलावलं की माणसं येतात गं. हातातलं टाकून येतात."

मी घास हातात धरून तशीच बसले होते.

"पण बोलवायचं नाही म्हणजे जायचं नाही असं कुणी सांगितलं तुला?" त्यांचा आवाज पुन्हा चढला. "जेव. गार होतंय."

मी जेवले. काकांनी भांडी घासली, माझ्या पायाखाली आणखी एक उशी सरकवली आणि केळी नीट वाफवायची कशी यावर बराच वेळ बोलत राहिले. निघताना दारात खाली वाकून गमबूट चढवू लागले.

"उद्या मला काही काम नाहीये," ते म्हणाले.

दुसरा बूट चढवून झाला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "परवाही नाहीये."