चौदा रात्रींची तार

इंग्रजीचा एकही शब्द आपल्याला चकवून जाणार नाही, अशी आनंदराव मास्तरांची खात्री होती. म्हणून कलकत्त्याहून तार येताच शेजारची भागीरथा ती घेऊन त्यांच्याचकडे आली. तारेखाली नाव होतं तिच्या नवऱ्याचं, पुनाजीचं! ब्रह्मदेशात कामाला गेलेला पुनाजी लढाईत बॉम्ब पडले तेव्हापासून बेपत्ता होता. पाच वर्षं झाली, इकडे आष्टी गावात पितृपक्षात त्याच्या नावानं पान वाढलं जात होतं.

"फोर्टनाइटच्या आत येतो म्हणते," मास्तरांनी वाचलं.

"म्हंजे?"

सरळ 'पंधरवड्यात' म्हणून मोकळे होतील तर ते मास्तर कसले! त्यांनी डिक्शनरी उघडली. "चौदा रात्री!"

"रात्रीच काऊन हो, मास्तर?"

आज भाद्रपद वद्य प्रतिपदा. मास्तरांनी बोटांवर मोजलं. चौदा रात्री संपत होत्या थेट सर्वपित्री अमावास्येला! त्यांच्या अंगावर सर्रकन काटा आला.

"भागीरथा, जित्ता माणूस दिवस मोजते. रात्री मोजून कोन येते?"

तिनं तार पुन्हा त्यांच्यापुढं धरली. "मले एवढंच सांगा, थो जित्ता हाय का नाई?"

मास्तरांनी डिक्शनरी मिटून टाकली. गावानं मात्र त्या दिवसापासून दिवेलागणीलाच कड्या लावायला सुरुवात केली.

सर्वपित्रीच्या भर दुपारी भागीरथानं ओट्यावर पान ठेवलं. एकही कावळा फिरकेना! झाडाचं पानही हलत नव्हतं. धीर द्यायला आलेले मास्तर स्वतःच खांबाला धरून उभे होते.

फाटक करकरलं. पांढरी दाढी, खोल गेलेले डोळे, नुसता हाडांचा सापळा! तो आला, कोणाशी न बोलता पितरांच्या पानावर बसला आणि जेवू लागला. मास्तरांनी त्याच्या पायांकडे पाहिलं. पाय चिखलानं इतके माखलेले, की सुलटे की उलटे तेच कळेना!

"वड्यात मीठ कमी हाय," तो म्हणाला.

भागीरथाला रडूच फुटलं. "इतक्या वर्सानं आला, आन् पयले हेच बोलला! हाच हाय माहा!"

पुनाजीनं वर पाहिलं. तिचं मोकळं कपाळ बघून घास हातातच राहिला. "कुकू काऊन नाई लावलं? माही तार नाई भेटली?"

"भेटली ना. मास्तरांनी वाचून देली."

पुनाजी हळूच मागे वळला. मास्तर कुंपणावर चढले होते, आणि त्यांचं धोतर बाभळीच्या काट्यांत अडकलं होतं.